‘इस्लाम सांगतो’ या वाक्याचा कर्ता कोण? जागतिक धर्मांच्या अभ्यासक्रमात इस्लामचा सखोल अभ्यास करण्याची पद्धत

हायस्कूलमधील जागतिक धर्मांच्या अभ्यासक्रमात इस्लामच्या वाट्याला बहुधा दोन-तीन आठवडे येतात आणि ते संस्थापक, ग्रंथ, पाच स्तंभ, दोन सण आणि दोन पंथ एवढ्यात संपतात. वही भरते, परीक्षेत गुणही मिळतात. खरी अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा एखादा विद्यार्थी सखोल प्रकल्पासाठी हाच धर्म निवडतो आणि वहीतली तीच माहिती दुपटीने लांबवून प्रकल्प म्हणून आणून देतो. असे प्रकल्प तपासताना एका वाक्याखाली रेघ ओढण्याची मला सवयच लागली आहे. ते वाक्य म्हणजे ‘इस्लाम सांगतो की…’. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात काहीच चूक नाही, पण सांगणारा कोण, हे त्यात कळत नाही. कुराणातील एखादी आयत, म्हणजे वचन, सांगते, पैगंबरांनंतर दोनशे वर्षांनी संकलित झालेली हदीस, म्हणजे त्यांच्याविषयीचे कथन, सांगते, आठव्या शतकातील कायदेपंडित सांगतो, विसाव्या शतकातील एखाद्या देशाचे सरकार सांगते, की शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीची आजी सांगते? या पाचही ठिकाणी मिळणारी उत्तरे वेगळी असू शकतात, आणि त्यांच्यातला फरक ओळखता येऊ लागला की अभ्यास सखोल होऊ लागतो. पुढची सगळी पद्धत प्रत्येक विधानाला त्याचा खरा कर्ता मिळवून देण्यासाठी आखलेली आहे.

सुरुवातीची तयारी

या अभ्यासासाठी सलग सहा आठवडे आणि दर आठवड्याला तीन-चार तास मिळाले तर काम नीट होते. यापेक्षा कमी वेळ असेल तर विषय अरुंद करावा, वाचन उथळ करू नये. वहीच्या प्रत्येक पानावर चार रकाने आखावेत. पहिल्यात मूळ ग्रंथात काय आहे ते लिहावे, दुसऱ्यात परंपरेने आणि भाष्यकारांनी त्याचा काय अर्थ लावला ते, तिसऱ्यात कायद्याने किंवा संस्थांनी त्याचे काय केले ते, आणि चौथ्यात माणसे प्रत्यक्ष कसे वागतात ते. कोणतीही नवी माहिती हाती आली की ती आधी कोणत्या रकान्यात बसते ते ठरवावे. ते ठरवता येत नसेल तर ती माहिती अजून वापरण्याजोगी झालेली नाही, असे समजून तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवावे. वहीची शेवटची चार पाने फक्त शब्दांसाठी राखावीत.

पहिली पायरी : ओळखीच्या शब्दांपासून सावध राहणे

मराठी वाचकाला इथे एक सोय आहे आणि तीच अडचणही आहे. इस्लामी परंपरेतील कितीतरी शब्द मराठीत शतकानुशतके वापरात आहेत, त्यामुळे ते कानाला परके वाटत नाहीत, मात्र मराठीत येताना त्यांचा अर्थ सरकलेला असतो. ‘जकात’ हा शब्द ऐकला की मराठी माणसाला नाका आणि मालावरचा कर आठवतो. इस्लाममधील जकात म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असलेली आणि एक चांद्रवर्ष आपल्याकडे राहिलेली संपत्ती शुद्ध करणारे सक्तीचे दान. रोकड, सोने-चांदी आणि व्यापारी माल यांवर त्याचा दर साधारणपणे अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा हिस्सा, इतका मानला जातो. आता वहीतले रकाने उघडावेत. जकात द्यावी ही आज्ञा कुराणात अनेकदा येते आणि ती कोणाला द्यावी याचे आठ प्रकार नवव्या सुरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, साठाव्या आयतीत सांगितले आहेत, पण अडीच टक्क्यांचा आकडा कुराणात कुठेही नाही. तो हदीस आणि धर्मशास्त्र यांतून येतो. म्हणजे ‘कुराणानुसार अडीच टक्के जकात द्यावी लागते’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात छापलेले असले तरी चूकच आहे.

‘सुन्नत’ या शब्दाची गोष्ट अशीच आहे. मराठीतील ‘सुंता’ हा त्याचाच अवतार, पण मूळ शब्दाचा अर्थ मळलेली वाट किंवा प्रघात असा आहे आणि तो पैगंबरांच्या एकूण आचरणासाठी वापरला जातो. लहान मुलांवर होणारा तो एक विधी या विशाल संकल्पनेचा छोटासा भाग आहे आणि कुराणात त्याचा उल्लेखही नाही. ‘इमाम’ हा शब्द सुन्नी परंपरेत बहुतेक वेळा नमाज पढवणाऱ्यासाठी किंवा मोठ्या विद्वानासाठी येतो, तर शिया परंपरेत तो प्रामुख्याने पैगंबरांच्या घराण्यातील, दैवी निवड झालेल्या मार्गदर्शकासाठी येतो. विद्यार्थी दोन्ही ठिकाणी तोच शब्द वाचतो आणि गोंधळतो. ‘शरिया’ म्हणजे श्रद्धावानांच्या दृष्टीने ईश्वराने दाखवलेला मार्ग, आणि ‘फिकह’ म्हणजे तो मार्ग समजून घेण्याचा माणसाचा प्रयत्न. ज्याला आपण वर्तमानपत्रात शरिया कायदा म्हणून वाचतो, तो बहुधा फिकह किंवा एखाद्या देशाने फिकहमधून निवडून घेतलेली कलमे असतात.

‘जिहाद’ या शब्दापाशी थोडे अधिक थांबावे लागते, कारण इथे दोन सोपी उत्तरे तयार असतात आणि दोन्ही अपुरी आहेत. या शब्दाच्या मूळ धातूचा अर्थ कष्ट करणे, झटणे असा आहे. मक्केच्या काळातील, म्हणजे ६२२ मध्ये पैगंबर मदिनेला जाण्याआधीच्या, मानल्या जाणाऱ्या पंचविसाव्या सुरेत (आयत ५२) कुराणाच्या साहाय्याने ‘मोठा जिहाद’ करण्यास सांगितले आहे, आणि तिथे तलवारीचा संबंध नाही. मदिनेतील आयतींमध्ये मात्र युद्धाचा संदर्भ येतो, लढाईसाठी ‘किताल’ असा वेगळा शब्दही येतो, आणि मध्ययुगीन धर्मशास्त्राच्या ग्रंथांत जिहादचे प्रकरण प्रामुख्याने युद्ध कोणी पुकारावे, कोणाला मारू नये, तह कसा करावा या नियमांनी भरलेले असते. स्वतःच्या मनाशी केलेला संघर्ष हाच ‘थोरला जिहाद’, असे सांगणारी प्रसिद्ध हदीस सूफी, म्हणजे गूढवादी भक्तीच्या, परंपरेत फार प्रिय आहे, पण हदीसशास्त्राच्या अनेक जाणकारांनी तिच्या कथनाची साखळी दुर्बल ठरवली आहे. प्रकल्पात हे सगळे लिहावे. वाचणाऱ्याला बरे वाटेल तेवढेच निवडून लिहिणे हा अभ्यास नाही, आणि वाचणाऱ्याला भीती वाटेल तेवढेच निवडणे हाही नाही.

दुसरी पायरी : काळाची दोरी

इतिहासाची पाच पाने लिहिण्याऐवजी एका लांब कागदावर काळाची रेषा ओढावी. मुहम्मद पैगंबरांचा जन्म इ.स. ५७० च्या सुमारास मक्केत कुरैश टोळीत झाला, ६१० च्या सुमारास हिरा गुहेत त्यांना पहिला साक्षात्कार झाला अशी श्रद्धा आहे, ६२२ मध्ये ते अनुयायांसह यथरिबला, म्हणजे पुढच्या मदिनेला, गेले, ६३० मध्ये मक्का त्यांच्या ताब्यात आली आणि ६३२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर अबू बक्र, उमर, उस्मान आणि अली या चार खलिफांचा काळ ६६१ पर्यंत, दमास्कसमधील उमय्यद घराणे ७५० पर्यंत, मग अब्बासी घराणे आणि १२५८ मध्ये मंगोलांच्या हातून झालेला बगदादचा पाडाव. रेषेच्या उजव्या टोकाला १९२४ ही खूण करावी, कारण त्या वर्षी तुर्कस्तानाने खिलाफत रद्द केली.

या रेषेखाली हिजरी सन लिहिण्याचा सराव करावा. हिजरी सनाची सुरुवात पैगंबरांच्या जन्मापासून किंवा पहिल्या साक्षात्कारापासून धरलेली नाही. ती ६२२ च्या स्थलांतरापासून धरली आहे, आणि समाज म्हणून आपला आरंभ कुठे झाला याविषयीची त्या समाजाची समजूत त्यातून दिसते. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्याने हिजरी सनाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी सन ढोबळपणे मिळतो. हिजरी ६५६ घेऊन पाहिले तर उत्तर १२५८ येते. कधी एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तो चालवून घ्यावा. अधिक महिना नसल्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो, हेही याच हिशेबातून आपोआप समजते.

रेषेवर घटनांबरोबर त्या घटना सांगणाऱ्या साधनांचीही नोंद करावी, ही पायरी बहुतेक विद्यार्थी गाळतात. पैगंबरांचे सर्वांत जुने सविस्तर चरित्र इब्न इसहाक यांचे. त्यांचे निधन ७६७ च्या सुमारास झाले आणि त्यांचा ग्रंथ आज मुख्यतः इब्न हिशाम यांनी केलेल्या संपादनातून वाचायला मिळतो. म्हणजे घटना आणि लिखित चरित्र यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. श्रद्धावान वाचक आणि इतिहाससंशोधक या अंतराकडे वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात, आणि प्रकल्पात दोन्ही दृष्टी नोंदवाव्यात.

तिसरी पायरी : संपूर्ण कुराणाआधी सात आयती

कुराणात ११४ सुरा आणि सहा हजारांहून अधिक आयती आहेत. उत्साही विद्यार्थी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात करतो आणि २८६ आयतींच्या दुसऱ्या सुरेत अडकतो. याचे कारण असे की कुराणाची मांडणी कालक्रमाने नाही. सुरुवातीची छोटी प्रार्थना सोडली तर साधारणपणे मोठ्या सुरा आधी आणि लहान नंतर अशी ती आहे. त्यामुळे कथा पुढे सरकण्याची वाट पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सलग कथा हवी असेल तर यूसुफची बारावी सुरा वाचावी. परंपरेने पहिला साक्षात्कार मानलेला भाग ९६ व्या सुरेच्या आरंभी आहे. पण सखोल अभ्यासासाठी माझा आग्रह पहिल्या सुरेचा, अल-फातिहाचा, असतो. ती अवघ्या सात आयतींची आहे आणि तिच्यासाठी पूर्ण आठवडा द्यावा.

या सुरेचे निदान तीन अनुवाद शेजारी शेजारी लिहून काढावेत. मराठीतही कुराणाचे अनुवाद झालेले आहेत, त्यांपैकी एक घ्यावा. पहिले तीन-चार वाचनांत फक्त सर्वनामांकडे लक्ष द्यावे. सुरेच्या पहिल्या भागात ईश्वराविषयी बोलले जाते, तो विश्वाचा पालनकर्ता आहे, दयाळू आहे, निवाड्याच्या दिवसाचा स्वामी आहे, असे. पाचव्या आयतीत एकाएकी भाषा बदलते : आम्ही तुझीच उपासना करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो. ‘तो’ जाऊन ‘तू’ येतो आणि वर्णनाची प्रार्थना होते. अरबी साहित्यशास्त्रात अशा वळणाला नाव आहे, पण नाव माहीत नसतानाही हे वळण ज्याला स्वतःला दिसले, तो विद्यार्थी पुढे कुराण वेगळ्या कानाने ऐकतो.

यानंतर चौथ्या आयतीतील एका शब्दावर थांबावे. पठणाच्या सर्वांत प्रचलित परंपरेत तो ‘मालिक’ असा, म्हणजे ‘मा’ लांबवून, म्हटला जातो आणि अर्थ स्वामी किंवा धनी असा होतो. उत्तर व पश्चिम आफ्रिकेत प्रचलित असलेल्या वर्श परंपरेत ‘म’ ऱ्हस्व आहे आणि अर्थ राजा असा होतो. दोन्ही पाठ परंपरेला मान्य आहेत. ‘कुराणात पाठभेद नाहीतच’ किंवा ‘कुराणात पाठभेद सापडले’ अशी दोन टोकांची वाक्ये ऐकू येतात, त्यांना या एका स्वराने उत्तर मिळते. आयतींच्या गणनेतही असाच मतभेद आहे. कोणी ‘बिस्मिल्लाह’ (ईश्वराच्या नावाने) हे आरंभीचे वाक्य पहिली आयत धरतात, तर कोणी ती न धरता शेवटच्या आयतीचे दोन भाग करतात. बेरीज मात्र दोन्हीकडे सातच येते.

शेवटची आयत सर्वांत उपयोगी आहे. ज्यांच्यावर कोप झाला त्यांच्या आणि जे भरकटले त्यांच्या मार्गाने आम्हाला नेऊ नकोस, अशी ती विनवणी आहे. काही अनुवादांत इथे कंसात ज्यू आणि ख्रिस्ती असे शब्द घातलेले आढळतात. मूळ अरबीत ही नावे नाहीत. ती हदीस आणि जुन्या भाष्यांतून आलेली आहेत, आणि हा अर्थ एवढ्यापुरता मर्यादित करू नये असे म्हणणारे भाष्यकारही आहेत. वहीच्या पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यात नेमका काय फरक आहे, हे याहून स्वच्छपणे दाखवणारे उदाहरण मला अजून सापडलेले नाही. कंस कोणी घातला, हा प्रश्न विद्यार्थ्याने एकदा विचारला की पुढच्या प्रत्येक अनुवादात तो कंसांकडे आधी पाहतो.

यानंतर आणखी दोन-तीन लहान सुरा पुरेशा होतात : ईश्वराच्या एकत्वाविषयीची चार आयतींची ११२ वी, आणि ‘तुम्हाला तुमचा धर्म, मला माझा’ या शब्दांनी संपणारी १०९ वी. मक्केतील आणि मदिनेतील सुरांची लांबी, लय आणि विषय यांत काय फरक जाणवतो, याची एका पानाची नोंद करावी.

चौथी पायरी : एका हदिशीची वंशावळ

हदीस म्हणजे पैगंबरांची उक्ती, कृती किंवा मूकसंमती यांविषयीचे कथन. तिचे दोन भाग असतात : ते कथन कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी, म्हणजे इस्नाद, आणि प्रत्यक्ष मजकूर, म्हणजे मत्न. पाठ्यपुस्तके फक्त मजकूर छापतात आणि साखळी गाळतात, त्यामुळे या शास्त्राचे खरे वैशिष्ट्यच विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटते.

बुखारी यांच्या (निधन ८७०) संग्रहातील पहिलीच हदीस घ्यावी : कृत्ये हेतूंवर अवलंबून असतात. बुखारींनी ती हुमैदींकडून ऐकली, त्यांनी सुफयान यांच्याकडून, त्यांनी याह्या इब्न सईद यांच्याकडून, त्यांनी मुहम्मद इब्न इब्राहीम यांच्याकडून, त्यांनी अल्कमा यांच्याकडून आणि त्यांनी खलिफा उमर यांच्याकडून. ही नावे कागदावर एकाखाली एक लिहून बाणांनी जोडावीत. या आकृतीत एक गंमत आहे. उमरपासून याह्यापर्यंत साखळी एकपदरी आहे, आणि याह्यापासून पुढे मात्र ऐकणाऱ्यांचा मोठा समुदाय दिसतो. परंपरेतील विद्वानांनी ही एकपदरी साखळी ओळखली होती, तिला वेगळी संज्ञा दिली होती, आणि प्रत्येक कडीतील व्यक्तीची स्मरणशक्ती व सचोटी तपासून हदीस अस्सल ठरवली. आधुनिक संशोधक तीच आकृती पाहून वेगळा प्रश्न विचारतात : कथन सध्याच्या रूपात याह्यांच्या काळात पसरले असेल का? एकाच आकृतीतून दोन प्रश्न कसे निघतात हे लिहिता आले तर या पायरीचे काम झाले. सुन्नी परंपरेचे सहा प्रमुख संग्रह आणि शियांचे चार वेगळे आहेत, एवढी नोंद पुरे.

पाचवी पायरी : आचरण

पाच स्तंभांची (श्रद्धेची कबुली, नमाज, जकात, रोजे, हज) यादी बहुतेकांना येते, म्हणून इथे रेंगाळू नये. एक हिशेब मात्र जरूर करावा. दिवसातील पाच अनिवार्य नमाजांत अनुक्रमे दोन, चार, चार, तीन आणि चार रकाती, म्हणजे पठण आणि हालचालींची आवर्तने, असतात, आणि त्यांची बेरीज सतरा होते. प्रत्येक रकातीत फातिहा येते असे धरले तर नियमाने नमाज पढणाऱ्याच्या दिवसात त्या सात आयती निदान सतरा वेळा येतात. आठवडाभर कागदावर अभ्यासलेला मजकूर माणसाच्या शरीरात कसा मुरतो, हे या आकड्यातून जाणवते. इथेही कर्ता शोधावा. नमाजाची आज्ञा कुराणात आहे, पण रकातींची ही संख्या कुराणात नाही, ती सुन्नतीतून आली आहे.

शिक्षकांना एक सूचना कराविशी वाटते. अनुभव म्हणून विद्यार्थ्यांना वर्गात नमाजाच्या हालचाली करायला लावू नयेत किंवा सुलेखनाचा सराव म्हणून श्रद्धेचे घोषवाक्य गिरवायला देऊ नये. श्रद्धावानाला ती थट्टा वाटू शकते आणि इतरांना ती सक्ती वाटू शकते. सुलेखनाचा अभ्यास करायचा असेल तर जेरुसलेममधील ६९१ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘डोम ऑफ द रॉक’ या घुमटाच्या वास्तूतील लेखपट्ट्यांची छायाचित्रे निरखावीत.

सहावी पायरी : एक दिवस, दोन अर्थ

विविधतेचे प्रकरण बहुतेक ठिकाणी ‘सुन्नी बहुसंख्य, शिया अल्पसंख्य’ एवढ्यावर आटोपते. आकडे हवेत, ते लिहावेत : प्यू संशोधन केंद्राच्या २००९ च्या अंदाजानुसार मुस्लिमांमध्ये शियांचे प्रमाण १० ते १३ टक्के होते, आणि जगातील मुस्लिमांपैकी केवळ पाचवा हिस्सा मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेत राहत होता. या दुसऱ्या आकड्याने ‘मुस्लिम म्हणजे अरब’ ही समजूत गळून पडते. पण फरक समजण्यासाठी आकड्यांपेक्षा मुहर्रमचा दहावा दिवस अधिक उपयोगी आहे.

हिजरी ६१ मध्ये, म्हणजे इ.स. ६८० मध्ये, पैगंबरांचे नातू हुसैन यांना इराकमधील करबला येथे उमय्यद खलिफा यझीदच्या सैन्याने मोजक्या साथीदारांसह ठार केले. शियांसाठी हा दिवस शोकाचा असून अन्यायापुढे न झुकण्याचे माप त्यावरून ठरते. सुन्नी हदीससंग्रहांत याच तिथीला वेगळे स्थान आहे. मूसा (मोझेस) आणि त्यांच्या लोकांची या दिवशी फिरौनपासून, म्हणजे इजिप्तच्या राजापासून, सुटका झाली, म्हणून पैगंबरांनी उपवास केला आणि करायला सांगितला, असे त्यांत येते. रमजानचे उपवास अनिवार्य झाल्यावर हा उपवास ऐच्छिक राहिला. म्हणजे एकाच तारखेला कोणी शोक करतो, कोणी उपवास. यावरून सुन्नींना हुसैनविषयी दुःख नाही असा निष्कर्ष काढू नये, कारण पैगंबरांच्या कुटुंबाविषयीचे प्रेम दोन्हीकडे आहे. मूळ भेद पैगंबरांच्या पश्चात मार्गदर्शनाचा अधिकार कोणाकडे गेला या प्रश्नात आहे, आणि करबलेच्या आठवणीने त्याला देह मिळतो.

याच पायरीत हनफी, मालिकी, शाफिई, हंबली आणि शियांची जाफरी या धर्मशास्त्रीय शाखा, ओमानमधील इबादी पंथ, आणि सूफी परंपरा यांची ओळख करून घ्यावी. सूफी हा सुन्नी-शियांसारखा तिसरा पंथ नाही, हे विसरू नये. बसऱ्याच्या सूफी संत राबिया किंवा सूफी मार्गाकडे वळलेले धर्मपंडित गझाली (१०५८–११११) यांच्यापैकी एकाचे चरित्र वाचले तरी हे लक्षात येते.

सातवी पायरी : वादाचा एक प्रश्न चार रकान्यांत

स्त्रियांचे स्थान, धर्मांतर, पोशाख, हिंसा हे प्रश्न वर्गात निघणारच, आणि ते टाळणारा प्रकल्प सखोल म्हणवत नाही. त्यांतला एकच घ्यावा आणि तो चार रकान्यांतून चालवावा. बहुपत्नीत्वाचा प्रश्न त्यासाठी चांगला आहे. पहिल्या रकान्यात चौथ्या सुरेची तिसरी आयत येते : दोन, तीन किंवा चार स्त्रियांशी विवाह करा, पण न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकीशीच. त्याच सुरेच्या १२९ व्या आयतीत म्हटले आहे की कितीही इच्छा केली तरी बायकांमध्ये पूर्ण न्याय करणे तुम्हाला जमणार नाही. दुसऱ्या रकान्यात अभिजात धर्मशास्त्रज्ञ येतात. पहिल्या आयतीतील न्याय खर्च आणि सहवास यांच्यापुरता आहे आणि दुसरीतला मनाच्या ओढीविषयी आहे, असा भेद करून त्यांनी चारची मर्यादा कायम ठेवली. तिसऱ्या रकान्यात ट्युनिशिया येतो. १९५६ च्या कायदासंहितेने तिथे बहुपत्नीत्वावर बंदी घातली, आणि तिच्या समर्थनार्थ या दोन आयती एकत्र वाचल्या गेल्या. मोरोक्कोने २००४ मध्ये बंदी न घालता न्यायालयाच्या परवानगीची कडक अट घातली. तुर्कस्तानाने १९२६ मध्ये नागरी कायदा आणून हा प्रश्न धर्मग्रंथाच्या चौकटीबाहेरच नेला. चौथ्या रकान्यात, बहुपत्नीत्वाला कायद्याने मुभा असलेल्या देशांतही बहुसंख्य विवाह एकपत्नीकच असतात, ही नोंद येते.

आता ‘इस्लाम चार बायकांची परवानगी देतो’ हे वाक्य पुन्हा वाचावे. ते खोटे नाही, पण त्यात दोन आयती, काही शतकांचे भाष्य, तीन देशांचे कायदे आणि कोट्यवधी घरे एका क्रियापदात कोंबली आहेत.

आठवी पायरी : माणसांना भेटणे

मशिदीला भेट द्यायची असल्यास आधी परवानगी घ्यावी, कारण भेटीच्या वेळा आणि नियम मशिदीगणिक वेगळे असतात. पूर्ण अंग झाकणारे कपडे घालावेत, पादत्राणे बाहेर काढावीत, मुलींनी डोक्यावर घ्यायला ओढणी जवळ ठेवावी, नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नये आणि विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये. आत गेल्यावर मूर्ती किंवा वेदी शोधू नये. मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतील कोनाडा, म्हणजे मिहराब, आणि प्रवचनाच्या पायऱ्या, म्हणजे मिंबर, यांचे रेखाटन करावे.

मुलाखतीत ‘इस्लामचे याविषयी काय मत आहे?’ असा प्रश्न विचारला तर समोरची व्यक्ती पाठ केलेले उत्तर देते. ‘तुम्ही लहानपणी पहिली सुरा कोणाकडून शिकलात?’ असे विचारले तर ती आठवून बोलू लागते. वर्गातील मुस्लिम विद्यार्थ्याला दीड-दोनशे कोटींहून अधिक लोकांचा प्रतिनिधी म्हणून उभे करू नये. त्याला बोलायचे असेल तर तो बोलेल, आणि बोलेल तेही स्वतःच्या घराविषयी. मुलाखतीचे टिपण त्याच संध्याकाळी लिहावे आणि सांगणाऱ्याला वाचून दाखवावे.

नववी पायरी : प्रश्न ठरवणे आणि लिहिणे

शोधनिबंधाचा प्रश्न शेवटी ठरवावा, आधी नाही. ‘इस्लाममधील स्त्री’ हा विषय चारशे पानांतही मावणार नाही, पण ‘ट्युनिशिया आणि मोरोक्कोने त्याच दोन आयतींतून वेगळे कायदे का काढले?’ हा प्रश्न आठ पानांत मावतो. तुलना करायची असेल तर सोपी जोडी टाळावी. मुहम्मद आणि येशू, कुराण आणि बायबल अशा जोड्या समोर येतात, पण ख्रिस्ती श्रद्धेत ईश्वराचा शब्द देह धारण करून येशूच्या रूपाने आला, आणि इस्लामी श्रद्धेत तो कुराणाच्या रूपाने आला. म्हणून अनेक अभ्यासक कुराणाची तुलना येशूच्या स्थानाशी करतात. ही जोडी लिहून पाहिली की दोन्ही धर्मांविषयी नवे काही सुचते.

दुसऱ्याच्या धर्माविषयी कसे लिहावे याचा जुना नमुना याच परंपरेत आहे. मध्ययुगीन मुस्लिम विद्वान अल-बिरूनी यांनी १०३० च्या सुमारास भारतीयांच्या धर्म-विचारांवर ग्रंथ लिहिला. त्यासाठी ते संस्कृत शिकले, आणि हे वादविवादाचे पुस्तक नसून त्या लोकांचे म्हणणे जसे आहे तसे मांडण्याचा प्रयत्न आहे, असे त्यांनी आरंभीच स्पष्ट केले. पुढे जिथे त्यांना पटले नाही तिथे त्यांनी स्वतःचे मत लपवलेही नाही, पण ते स्वतःच्या नावाने दिले.

मसुदा पूर्ण झाल्यावर लाल पेन घेऊन त्यातील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता अधोरेखित करावा. जिथे ‘इस्लाम’ किंवा ‘मुस्लिम’ असा कर्ता सापडेल तिथे आयत, भाष्यकार, कायदा किंवा भेटलेली व्यक्ती यांपैकी जो खरा असेल तो घालून वाक्य पुन्हा लिहावे. कुराणाचा हवाला देताना सुरा आणि आयत यांचा क्रमांक व अनुवादकाचे नाव द्यावे, हदिशीसाठी संग्रहाचे नाव द्यावे, आणि मुलाखतीसाठी व्यक्तीचे नाव न लिहिता तिचे वय, परंपरा आणि भेटीची तारीख लिहावी. अशा दुरुस्तीनंतर मसुदा बहुधा पानभर लांबतो, तेव्हा पृष्ठमर्यादा सांभाळण्यासाठी पाच स्तंभांची यादी काढून टाकावी.